भिंतीपायी गणपतीची सुट्टी गेली

पोरांनो, हे पत्र मंडळाच्या फळ्यावर लावा, सगळ्यांनाच विचारायचंय. डोकं फिरलंय माझं.

आज सकाळी फौजेच्या ट्रेनिंगमध्ये भिंत चढायची टेस्ट होती. सहा फुटी भिंत, पाठीवर वजन. बाजूला माझ्याच बॅचचा, साताऱ्याचा नाम्या उभा होता. आपल्या घाटकोपरच्या गोविंदात दरवर्षी वरच्या थराला चढणारे पाय माझे! सवयीने त्याच्या मांडीवर पाय दिला, मग खांद्यावर, आणि झटक्यात भिंतीवर. वर जाऊन सलामीपण दिली यार.

आमचं ट्रेनिंग घेणारा उस्ताद बोंबलला, "सर्कस समझा है क्या? अकेला चढ़!"

एकट्याने उड्या मारमारून गुडघे सोलले, पण पाठीवरच्या वजनासकट अंग काय वर जाईना. नापास! आता मागच्या बॅचमध्ये टाकणार, म्हणजे ट्रेनिंग लांबणार आणि गणपतीला घरी येणं नाही. आईला कोण सांगणार?

खांदा दिला म्हणून नाम्यालाही कोलांट्या मारायला लावल्या. "तुझ्या थरापायी कंबरडं मोडलं की रं," म्हणाला.

हाच उस्ताद रोज ओरडतो, साथीदाराला सोडायचं नाही. मग लढाईत खरी भिंत आली, तर नाम्याचा खांदा घ्यायचा की नाही? तुम्हीच सांगा रे!