भावोजींनी न विचारलेला दर

गोव्यातल्या डिचोली किंवा पेडणे तालुक्यातल्या कुठल्याही घरासमोर आमच्या भावोजींना डोळे बांधून उभं करा. पट्टी सुटायच्या आत ते तुम्हाला त्या घराचा आजचा दर सांगतील. नुसता दर नव्हे, तर गेल्या वर्षी तो किती होता, पुढच्या वर्षी किती होईल आणि मालक शहाणा असता तर त्याने ते केव्हा विकलं असतं, हेही सांगतील. घरांच्या दरांचं एवढं ज्ञान एका डोक्यात मावलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मूळचे कोरगावचे, नोकरी डिचोलीत, सरकारी कचेरीत कारकुनाची. अंगात पांढरा स्वच्छ बुशशर्ट, काखेत बारा महिने छत्री आणि चेहऱ्यावर कायम समोरच्या भिंतीचा अंदाज घेत असल्याचा भाव. पण मी सांगतोय त्या काळी या माणसाच्या स्वतःच्या मालकीची एक पायरीसुद्धा नव्हती. बाजारामागच्या भाड्याच्या दोन खोल्यांत संसार, आणि ‘चांगल्या वस्तीत, योग्य दरात’ घर घ्यायचं म्हणून लग्न झाल्यापासून चौकशी चालू.

चांगली वस्ती कशाला म्हणायचं याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. एखादी जागा नजरेत भरली की धुतलेला शर्ट घालून ते तिथल्या कोपऱ्यावर तासभर उभे राहत आणि घरी येऊन अक्काला कॉलर दाखवत. कॉलर जितकी लाल, तितकी खाणीच्या ट्रकांची धूळ जास्त आणि तितका दर कमी. अक्का ती कॉलर घासता घासता म्हणे, “वस्ती हेंनी बघूची आणि धूळ मी धुवची!” आषाढात नदीचं पाणी बाजारात शिरलं की लोक सामान माळ्यावर चढवण्याच्या गडबडीत असत, तेव्हा हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कोणाच्या उंबऱ्याला पाणी लागलं आणि कोणाच्या नाही, ते बघत हिंडत. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेरावरही त्यांची भिस्त होती. ज्या वाटेवर त्याचे गोल पाव, उंडे, गरम असताना पोहोचतात ती वस्ती वरच्या दर्जाची; जिथे गार पोहोचतात तिथला दर भावोजी मनातल्या मनात सरळ खाली आणत. एकदा त्या पोदेराने वैतागून विचारलं, “तुमका पाव जाय काय घर जाय?” भावोजींनी दोन उंडे घेतले आणि पुढच्या वळणापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेले.

ज्याचा दर विचारायचा ते घर विकाऊ असलंच पाहिजे, असा त्यांचा मुळीच आग्रह नसे. भावोजींच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही पेडण्याकडच्या एका घरी गेलो होतो. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तेव्हा भावोजी मागच्या विहिरीत वाकून पाहत होते. हात पुसत आले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, “हे घर द्यायचं झालं तर तुम्ही काय म्हणाल?” बिचाऱ्या वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाकडच्यांनी हुंड्यात राहतं घर मागितलं, अशी बातमी आत गेली आणि आतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. अक्काने स्वयंपाकघरात जाऊन अर्धा तास समजूत घातली तेव्हा कुठे लग्न जमलं. एका रविवारी “चल, तेरेखोलाक जावया” म्हणाले, म्हणून अक्काने हौसेने नवी साडी नेसून डबा भरून घेतला. फेरीबोटीतून उतरल्यावर किल्ला राहिला बाजूला, समुद्र राहिला बाजूला. समुद्र दिसणाऱ्या घराचा दर आणि न दिसणाऱ्या घराचा दर यांतला फरक काढण्यात संध्याकाळ झाली. ती साडी अक्काने त्यांच्याबरोबर पुन्हा कधी नेसली नाही. नार्व्याला देवदर्शनाला गेले, तरी प्रदक्षिणेपेक्षा नदीकाठच्या घरांचा फेरा मोठा होई.

या सगळ्यातली खरी मौज भावोजींच्या कधी ध्यानात आली नाही. दर काढायला ते एका वस्तीत तीन-चारदा जात, दहा जणांशी बोलत, छत्रीने भिंती वाजवून बघत. साहजिकच लोकांना वाटे, इथे काहीतरी होणार आहे. कोणी कारखाना काढतोय, नाहीतर सरकार नवीन रस्ता तरी नेतंय. महिन्याभरात दर वाढत. मग भावोजी मान हलवत घरी येत. “बघलंस? मी म्हणत होतंय मा, ही वस्ती वर येतली!” आणि ती परवडत नाही म्हणून दुसरी शोधायला लागत. डिचोलीचे अर्धेअधिक भाव त्यांनी एकट्याने चढवले, असं अक्काचं स्पष्ट मत होतं आणि मला तरी ते खोडता आलेलं नाही.

त्या दिवसांत राजभाषा कोकणी की मराठी यावरून घराघरांत भांड्याला भांडं लागत होतं. चहाच्या हॉटेलात माणसं टेबलं वाटून बसत. भावोजी मात्र दोन्ही टेबलांवर चहा पीत. त्यांना छेडलं तर म्हणत, “आपूण कोणाक दुखवचा नाय. घरां दोनय पक्षांकडे आसत.” पुढे गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, कचेरीत पेढे वाटले गेले. साहेबांनी छोटंसं भाषण केलं आणि कोणाला काही विचारायचं आहे का म्हणाले. भावोजींनी पेढा गालात ठेवून विचारलं, “साहेब, आता आपल्याकडचे दर कितपत वाढतील?”

पण त्यांच्या संशोधनाचा खरा हंगाम म्हणजे चवथ. आमच्याकडे गणेशचतुर्थीला कोणाच्याही दाराला कडी नसते. कोरगावच्या मूळ घरचा गणपती दीड दिवसाचा. तो पोचवला की भावोजी तिसऱ्या दिवशी डिचोलीत हजर, आणि जिथे जिथे पाच-सात दिवसांचा गणपती असेल तिथे आरतीच्या मंडळींबरोबर घरोघर. “मेव्हण्या,” मला एकदा त्यांनी गुपित सांगितलं, “घर बघूचा तर चवथीक. एरवी सोप्यारच चाय देतत. चवथीक थेट रांधपाच्या कुडीपर्यंत न्हेतत.” त्यांनी मुद्दाम झांजा पत्करल्या होत्या, कारण मातीचं घुमट वाजवणाऱ्याला खाली बघावं लागतं आणि झांजावाल्याची मान मोकळी असते. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची माटोळी टांगलेली. लोकांना वाटे, हे किती भक्तिभावाने माटोळी न्याहाळतायत. हे त्या फळांच्या आडून वासे बघत असत. एका घरी ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ रंगात आलेलं असताना हे “वाळवी!” म्हणून ओरडले. घुमट थांबलं. यजमानाने त्याच महिन्यात वासा बदलला आणि भावोजींना नारळ पाठवला, हा भाग निराळा.

या फेरीत देवळामागच्या उतारावर एक घर लागे. बैठं, कौलारू, पूर्वेला दार, परसात विहीर. एक म्हातारी एकटीच तिथे राहायची. यजमान कधीच वारलेले, एकुलता मुलगा नोकरीनिमित्त पणजीला, चवथीपुरता यायचा. आरती झाली की म्हातारी सगळ्यांना हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाढी आणि झांजा वाजवून दमला असेल म्हणून भावोजींच्या पानात एक जास्त टाकी. भावोजींच्या मते सगळ्या डिचोलीत असं घर नव्हतं. धूळ नाही, पूर नाही, उंडा गरम. आणि आश्चर्य म्हणजे, एवढ्या वर्षांत त्याचा दर त्यांनी कधी विचारला नव्हता. मी कारण विचारलं, तर त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. म्हणाले, “पातोळी खाल्लेल्या घराचो दर कसो विचारतलो रे?”

आणि मग पाणी गळ्याशी आलं. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. दिवाळीपर्यंत दोन्ही खोल्या रिकाम्या करून द्या, म्हणून त्याने सांगितलं. अक्का इतकी वर्षं हसण्यावारी नेत होती, त्या दिवशी मात्र तिने ताट पुढ्यात ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, “दिवाळीक पणती लावूक माझो उंबरो नसलो, तर मी कोरगावाक जावन रवतंय. तुम्ही हय दर बघीत बसा.” भावोजी जेवले नाहीत. कोरगावला दिरांच्या भरल्या घरात एक खोली मिळाली असती, पण तिथे गेलेली अक्का परत येणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

चवथ संपून आठवडाही झाला नव्हता, तोच कानावर आलं की देवळामागची म्हातारी घर विकायला काढते आहे. गुडघ्यांमुळे तिला विहिरीचं पाणी ओढणं होत नव्हतं. मुलगा तिला पणजीला नेणार होता. भावोजी जायला तयार होईनात. शेवटी अक्काने चपला घातल्या, मला बरोबर घेतलं, आणि हे छत्री घेऊन मागून आले.

तिथे आधीच एक दलाल पणजीची पार्टी घेऊन बसला होता. मुलाने आम्हालाही बसवलं. दलालाचं काम दर पाडण्याचं, आणि तो ते मन लावून करत होता. “लाकूड सगळं वाळवीने खाल्लंय, वरचं आढं बदलावं लागेल.” मी भावोजींकडे पाहिलं. त्यांचा कान लाल झाला होता. “पुराचं पाणी तर दरवर्षी आत येत असणार,” दलाल म्हणाला. भावोजींनी छत्री खाली ठेवली. “शिवाय खाणीची धूळ...” इथे भावोजी उभे राहिले.

“आढं फणसाचं आहे,” ते म्हणाले, “आणि त्याला वाळवीचा दातसुद्धा लागलेला नाही. उजवीकडचा तिसरा वासा तेवढा मागाहून बदललाय, तोही नीट बसवलाय. पूर खालच्या वळणावर थांबतो, मी पाण्यात उभा राहून बघितलाय. धूळ? ही माझी कॉलर बघा!” आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. विहिरीचं वैशाखातलं पाणी, कौलांचा उतार, पहाटेचा वारा. दलालाचा एकेक मुद्दा ते उचलून आपटत होते, आणि प्रत्येक आपटीसरशी आम्हाला हव्या असलेल्या घराचा दर वर चढत होता. अक्का त्यांचा शर्ट मागून ओढून कुजबुजत होती, “अहो, तुमका घर घेवचा आसा काय विकूचा आसा?” पण खोटा दर ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शेवटी त्यांनी योग्य दर सांगितला. दलालाच्या आकड्याहून तो बराच वर होता. दलालाने पार्टीच्या कानाशी तोंड नेलं. पार्टीने मान हलवली. “ठीक आहे,” दलाल म्हणाला, “वर थोडे आणखी देतो. विषय संपवा.”

मुलगा खूश झाला. अक्का मटकन भिंतीला टेकली. भावोजींच्या लक्षात आपण काय करून बसलो ते आत्ता आलं, आणि भर बैठकीत त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात म्हातारी आतून आली. चौकटीला धरून तिने विचारलं, “आढें फणसाचें तें तुका कशें कळ्ळें रे बाबा?”

भावोजींनी मान खाली घातली. “आरतीक वर बघीत होतंय, आजी. देवाकडे नाय. दरवर्षी वाश्यांकडे.”

“माका खबर आशिल्लें,” म्हातारी म्हणाली, आणि चक्क हसली. “आमचे घरकारूय तशेच पळयताले.” घर बांधल्यापासून तिच्या यजमानांनी म्हणे एकही आरती देवाकडे बघून म्हटली नव्हती. झांजा हातात, नजर आपल्या आढ्याला. मग ती मुलाकडे वळली. “हाणें सांगलो तो दर बरोबर मूं? मागीर तितलोच पुरो. माज्या वांट्याची सही हांव करीन ती ह्याच्या कागदार.”

“आई, ते जास्त देतायत,” मुलगा म्हणाला.

“तर तांकां सही तूंच कर.”

गोव्यात नवऱ्याच्या मागे अर्ध्या घराची मालकीण बायकोच असते. तिच्या सहीशिवाय तो कागद दलालाने पाहिजे तर पुडी बांधायला वापरावा. हे दलालाला आमच्याहून चांगलं ठाऊक होतं. त्याने पिशवी उचलली. भावोजींनी स्वतःच्या तोंडून निघालेल्या त्या दराने, एक पैसा कमी नाही की जास्त नाही, ते घर घेतलं. कचेरीतून कर्ज काढलं, कोरगावच्या काजूच्या बागेतला वाटा भावाला विकला. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अक्काने त्या उंबऱ्यावर पणती लावली. भावोजी अंगणात उभे राहून ती पणती असे बघत होते, की मी तिथून हळूच बाजूला झालो.

वास्तुपूजेला म्हातारी पणजीहून आली. पाहुणीसारखी दारात थांबली, अक्काने हात धरून आत घेतलं. थोडा वेळ ती पाटावर बसली, मग कोणी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरात गेली आणि चुलीवरची आमटी चाखून तिने न बघताच हात उजवीकडच्या उंच कोनाड्याकडे नेला. तिथे मीठ नव्हतं. अक्काची मिठाची बरणी डावीकडे, खालच्या फळीवर होती. म्हातारीचा हात क्षणभर तसाच राहिला, मग तिने तो पदराला पुसला आणि “बरें जालां” म्हणून बाहेर आली.

दारात उभ्या असलेल्या भावोजींनी हे पाहिलं होतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी ती बरणी उचलून त्या कोनाड्यात ठेवली. म्हातारी त्यानंतर दोनदा आली आणि दोन्ही वेळा तिला मीठ मिळालं. आता ती नाही. अक्का आमची ठेंगणी. तिचा हात तिथवर पोहोचत नाही आणि बरणी खाली आणायचं नावही ती काढत नाही. जेवताना मीठ लागलं की भावोजी ताटावरून उठतात, हात धुतात आणि तिला काढून देतात.