धंतोलीतली जपानी राजकन्या

एका चांगल्या धडधाकट मुलाला मी तीन महिने राजकन्या करून ठेवलं होतं, आणि तेही छापून!

तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. धंतोलीतल्या एका छापखान्यातून मुलांचं मासिक निघायचं, तिथे मला काम मिळालं होतं. "सहा महिने पाहू, नाही तर घरी बसायचं," एवढीच सासूबाईंची सूट. संपादकांच्या ओळखीतून जपानहून एका चित्रमालिकेची पानं येत. मालिकेचं नाव जपानी, म्हणजे आमच्या लेखी नुसत्या काड्या. चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांतला मजकूर पांढरा करून आम्ही मराठी भरायचो. कथेचा इंग्रजी सारांश मागाहून येई. तो येईपर्यंत थांबले, तर ती मी कसली! पहिल्या पानावर कमरेपर्यंत केस, बशीएवढे डोळे, लांब पापण्या. मी ऐटीत नाव ठेवलं, 'शूर राजकन्या'. तीन अंक गेले. रामटेकपासून मुलींची पत्रं यायला लागली. ती मी घरी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची. मिरवायला नको?

चौथ्या खेपेच्या पानांत राजकन्या नदीत आंघोळीला उतरली. अंगरखा काढला, आणि कुठली राजकन्या!

आता काम जाणार, आणि सासूबाईंपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू? मी छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांशीच रडायला बसले. खिळे जुळवणारे म्हातारे कंपोझिटर काका चष्मा कपाळावर ढकलून चित्र न्याहाळत राहिले.

"काहून रडून राहिली वं? हा काठावरचा बुढा पाह्य, कसा तोंड वासून उभा आहे. त्याले बोलू दे ना!"

मी डोळे पुसले आणि म्हाताऱ्याच्या फुग्यात लिहिलं, "अरे देवा! आम्ही सगळेच याला राजकन्या समजत होतो!" मालिकेचं नवं नाव, 'लपलेला राजपुत्र'. संपादकांसमोर पान ठेवलं. सगळं खरं सांगितलं. ते इतके हसले, की चहा बशीत सांडला. मग त्यांनी पानावर सही केली.

अंक निघाल्यावर मुलींनी पत्रांतून कळवलं, 'आम्हाला आधीपासूनच शंका होती.' लबाड कुठल्या! पण माझं काम टिकलं. किती दिवसांनी त्या दुपारी मी पोटभर जेवले.

काकांचे आभार मानायला गेले, तर खिळे जुळवता जुळवता, मान वर न करता ते म्हणाले, "पोरी, पुढच्या खेपेले बारशाच्या आधी लेकराले न्हाऊ घालून पाह्यत जाय वं."