पुसून टाकलेलं वाचन

कसालच्या बाजारात गाडी थांबवून मी कोकमं घेत होतो, तेव्हा मुख्याध्यापकांचा फोन आला. "सेराबाई गेल्या..." एवढंच ते बोलले. आदल्या शनिवारीच बाई माझ्या डब्यातली उसळ खाऊन, "मीठ कमी आसा वो सर," म्हणाल्या होत्या. आता सहा आठवडे झाले, तरी मधल्या सुट्टीत मी अजून त्यांची वाट बघतो.

सेराफिना फर्नांडिस मूळच्या आरोंद्याच्या. आमच्या खाडीकाठच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या, मी शेजारी पाचवीला. शाळेला टॅब मिळाला तेव्हा आम्ही तो कपाटात कुलूपबंद करून ठेवला; बाईंनी तो बाहेर काढला आणि प्रत्येक मुलाच्या नावाचा फोल्डर केला. दर महिन्याला मुलाचं वाचन रेकॉर्ड करायचं, वहीच्या पानाचा फोटो घ्यायचा, आणि जुनं-नवं शेजारी ठेवून मुलालाच विचारायचं, "तुका काय वाटता?" गुण त्या द्यायच्याच नाहीत. मी चिडवायचो, "बाई, मुलंच मास्तर झाली तर आपण काय मासे पकडायचे?" त्या हसायच्या आणि पुढच्या मुलाला हाक मारायच्या.

एकदा तपासणीला साहेब येणार होते आणि बाई नेमक्या रजेवर. अडखळणारी, रडवेली रेकॉर्डिंगं साहेबांनी ऐकली तर बाईंचीच नाचक्की, असं मला वाटलं. म्हणून मोठ्या शहाणपणाने मी सगळ्या फोल्डरमधली सुरुवातीची रेकॉर्डिंगं ऐकून ऐकून पुसली, चांगली तेवढी ठेवली. साहेब खूश झाले. बाई परत आल्या, टॅब बघितला आणि एकेक फोल्डर उघडून तपासत गेल्या. रसिका नावाची मुलगी, आपल्याला वाचताच येत नाही, असं धरून बसली होती. वर्षाअखेरीला तिला तिचं पहिलं वाचन ऐकवायचं बाईंनी ठरवलं होतं. "आता त्या चेडवाक कसा कळतला, आपण खंयसून खंय पोचलंव?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उपाय त्यांनीच काढला. "पुसण्याआधी तुमी ऐकलात मां? मग तुमीच सांगा तिका." मी रसिकासमोर बसलो. पहिल्याच ओळीत 'समुद्र' या शब्दावर ती चार वेळा थांबली होती, मग मुसमुसत "माका नको" म्हणाली होती... मान खाली घालून मी सगळं सांगितलं, माझी चूकही कबूल केली. इतक्या वर्षांत मला मुलांचे गुण तोंडपाठ असायचे. एखाद्या मुलाचं वाचन आठवून सांगायची ही पहिलीच वेळ. रसिकाने टॅबवर आपलं ताजं वाचन लावलं. 'समुद्र' येऊन गेलासुद्धा, आणि ती खुदकन हसली. "होय वो सर, जमता माका." बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी मात्र डबा माझ्यापुढे सरकवला. त्यांची माफी मागायची राहूनच गेली...

आता चौथीचा वर्गही माझ्याकडे आहे. परवा एका मुलीने आपली जूनमधली आणि आताची रेकॉर्डिंगं ऐकली. चुका दोन्हींत होत्या. माझा हात सवयीने तांबड्या पेनाकडे गेला. मी तो आवरला आणि तिलाच विचारलं, काय फरक वाटतो.

"आदी वाचूक भियां वाटायचा," ती म्हणाली. "आता नुसताच चुकतंय."

याला किती गुण द्यावेत, मला सुचेना. तिने मागितलेही नव्हते.