गुरांच्या मागोमाग

मोबाईल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. भिशीच्या बायकांबरोबर मी रतनवाडीला गेले आणि सकाळीच करवंदांच्या लोभानं जंगलात वाट चुकले. परतीची एसटी दुपारची. ती चुकली तर मुक्कामच!

तेवढ्यात एक माणूस दिसला. पांढरेशुभ्र कपडे, हातात विटेएवढा मोबाईल. दर टेकाडावर चढून तो दातांनी एरियल ओढायचा आणि रेंज नाही म्हणून आभाळाकडं रागानं बघायचा. तोही चुकलेलाच होता, पण ते माझ्या ध्यानात आलं नाही; माझे डोळे मोबाईलवर खिळलेले.

पुढ्यातून गुरं चालली होती. तो म्हणाला, "ताई, गुरांच्या मागं चला. गुरं कधी वाट चुकत न्हाईत!"

केवढा हुशार माणूस, असं वाटलं मला. सकाळी गुरं घरी नाही, चरायला निघतात, हे शेतकऱ्याच्या लेकीला सुचू नये? ती रानात आत आत शिरली, मागोमाग आम्ही. दिवस कलल्यावर ती आपसूक गावात परतली. एसटी बायकांसकट केव्हाच गेली होती.

गावात शिरताच तो ऐटीत म्हणाला, "ह्या ताई चुकल्या हुत्या. आनलं बगा वाट दाखवून!"

आणि मी बावळटासारखं वाकून त्यालाच नमस्कार केला. गाईकडं पाहिलंसुद्धा नाही.