तिरक्या फोटोंतली गच्ची

मी सर्व्हेचं काम करते. अंतर, कोन, उंची... बस्स. घरात कोणी भुताखेताचा विषय काढला की सगळ्यात आधी मीच हसायचे. त्यामुळे हे लिहायला बसेन असं मलाच वाटलं नव्हतं.

नौपाड्यात माझं आणि निनादचं छोटं ऑफिस आहे. ड्रोनने जागेचे फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर जोडून नकाशा आणि थ्रीडी मॉडेल बनवून द्यायचं, हा आमचा धंदा. गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीला मानपाडा रोडजवळचं एक काम आलं. पत्ता वाचला आणि मला गंमत वाटली. माझा जन्म झाला ती आमची तीन मजली बिल्डिंग त्याच प्लॉटवर होती. रीडेव्हलपमेंटमध्ये ती कधीच पाडलेली. आता तिथे पत्र्याचं कुंपण, आत राडारोडा आणि गुडघाभर गवत.

सकाळी लवकर पोचलो. फोटोंमधली मापं ताडून बघता यावीत म्हणून कुंपणाबाहेर रस्त्यावर चुन्याच्या खुणा केल्या. पहिली फेरी कॅमेरा सरळ खाली ठेवून. पण नुसत्या सरळ फोटोंवर भागत नाही. भिंती दिसत नाहीत, उंचीही चुकते, सपाट जमीन मॉडेलमध्ये मधेच फुगल्यासारखी येते. म्हणून दुसरी फेरी कॅमेरा तिरका करून.

त्या दुसऱ्या फेरीत ड्रोन प्लॉटजवळ आपोआप थांबला. वारा नव्हता, एरर नव्हता. स्क्रीनवर ऊन पडल्यामुळे चित्र काही दिसत नव्हतं. मान वर करून बघितलं, तर तो हवेत नुसता स्थिर, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा... मग आपला आपण पुढे निघाला.

दुपारी ऑफिसात निनाद फोटो बघत होता. त्याने दोन फोटो शेजारी शेजारी लावले. मग म्हणाला, "मृणाल, ही कुठली बिल्डिंग आहे गं?"

सरळ फोटोंमध्ये रिकामा प्लॉट होता. तिरक्या फोटोंमध्ये त्याच प्लॉटवर आमची बिल्डिंग उभी होती. ओल आलेल्या भिंती, गच्चीवरची सिमेंटची टाकी, टाकीला लावलेली लोखंडी शिडी. आणि गच्चीवर एक बाई.

निनादला वाटलं, कुठले तरी जुने फोटो मिसळले असणार. पण रस्त्यावर आमच्या चुन्याच्या खुणा दिसत होत्या, आणि वेळही त्याच सकाळची. त्याने मॉडेल करून बघितलं. गडबड असती तर भिंती वितळल्यासारख्या आल्या असत्या. त्या सरळ, स्वच्छ आल्या. खुणांशी ताडून बघितलं तर फरक बोटभरही नाही. फक्त बिल्डिंगची सावली उलट्या बाजूला पडलेली, संध्याकाळच्या उन्हातली.

फोटो ओळीने लावले तर ती बाई हलत होती. पहिल्यात ती कठड्याला अगदी टेकून, खाली बघत. मग मान वर. मग डोळ्यांवर हात धरून थेट कॅमेऱ्याकडे. शेवटच्या फोटोत ती जिन्याच्या दारापाशी पोचलेली. चेहरा म्हणजे नुसता पुसट ठिपका. मला ती ओळखू आली नाही.

खोपटला घरी आले. आई भाजी निवडत होती. तिला बिल्डिंग बघून बरं वाटेल, एवढ्याच विचाराने मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. ती आधी टाकीकडे बघून हसली. मग पुढचे फोटो बघता बघता तिचे हात थांबले.

"ही मोरपंखी साडी माझी आहे," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. माझ्याआधी तिला एक मुलगा झालेला, तो काही दिवसांतच गेला. त्यानंतर घरात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. बाबा कामावर, आजूबाजूच्या बायका टाळायच्या. एका संध्याकाळी ती एकटीच गच्चीवर गेली.

"जिन्याने परत खाली यायचं नाही, असं ठरवूनच गेले होते," आई म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "तेवढ्यात मधमाश्यांसारखा आवाज आला. वर बघते तर काहीतरी पांढरं, चार हातांचं. माझ्यासमोर येऊन थांबलं. भीती नाही वाटली गं. वाटलं, कोणीतरी आपल्याकडे बघतंय. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग मी खाली आले आणि कुकर लावला."

माझा जन्म त्यानंतरचा. त्या काळात ड्रोन नव्हतेच.

आम्ही पुन्हा जाऊन तिरकी फेरी मारली. गवत आणि राडारोडा, दुसरं काही नाही. क्लायंटला या रिकाम्या प्लॉटचंच मॉडेल दिलं. निनादने कॅमेरा तपासून घेतला, कार्ड तपासलं, ओळखीच्या दोघातिघांना विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

फोटो दाखवले त्याच रात्री आईने ते पुन्हा पहिल्यापासून बघितले, सावकाश. मग लॅपटॉप मिटत विचारलं, "हे फोटो निघाले तेव्हा तू कुठे होतीस?"

मी म्हटलं, "खाली रस्त्यावर, रिमोट घेऊन."

तिने माझा हात हातात घेतला, आणि मग आम्ही दोघींनी मिळून कुकर लावला.