टोपीवरचा निळा रंग

आधी जळक्या ग्रीसचा वास आला. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून मी मागं वळून बघितलं, तर बोटीच्या ट्रेलरचं डावं चाक डुलत होतं.

"तात्या, थांबवा."

तात्या आमच्या साखर कारखान्याचे सर्वांत जुने ड्रायव्हर. मी वर्कशॉपचा फोरमन. कृष्णेला पूर आला की कारखान्याची बोट मदतीला जायची. त्या सकाळी खालच्या एका मळ्याला पाण्याचा वेढा पडला होता. नऊ माणसं पत्र्यावर चढून बसलेली, आणि जवळपास बोट एकच, आमची.

तात्यांनी ब्रेक मारेपर्यंत चाक हबसकट निखळून उसात घुसलं. ट्रेलर एका अंगावर बसला. पाणी अजून अर्धा किलोमीटर लांब.

चाक ज्यावर बसतं तो हब. हबात बेअरिंग, तोंडावर पत्र्याची टोपी, आणि हे सगळं एक्सलच्या टोकावर फिरतं. बोट उतरवताना ट्रेलर पाण्यात जातो. रस्त्यानं तापलेला हब गार पाण्यात बुडला की आत पाणी ओढतो. मग ग्रीस ताकासारखं होतं, बेअरिंग गंजून जाम होतं आणि एक्सलचं टोक खाऊन टाकतं. म्हणून दर मे महिन्यात टोपी काढायची, बेअरिंग धुवायचं, नवं ग्रीस भरायचं.

रजिस्टरमध्ये मी तसं लिहिलं होतं. केलं नव्हतं. चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं, गुळगुळीत फिरलं, सही केली.

"साहेब, बघत काय बसलाय? ती गाडी बघा की." तात्यांनी एका घरापुढची ऊस ओढायची टायरगाडी दाखवली.

मालक गोठ्यातले बैल आणायला निघाला. "बैल नकोत, पाण्याला बुजतील," तात्या म्हणाले. "ट्रॅक्टरच्या हुकात ही दांडी बसत नाही. जू आपणच धरू."

रस्त्यावरच्या चौदा-पंधरा जणांनी बोट उचलून गाडीवर ठेवली, कासऱ्यानं आवळली. तात्या जुवाला, मी चाकाला. चिखलातून गाडी सुटली ती थांबलीच नाही.

"पळा रं गड्यांनो," तात्या ओरडत होते, "ऊस न्हाई ह्यो, वजनकाट्यावर थांबायचं न्हाई."

छाती फुटायची वेळ आली होती, आणि लोक हसत होते. खरं सांगतो, मीही हसत होतो.

बोटीनं दोन खेपा केल्या. शेवटची म्हातारी बसायला तयार होईना. "आदी कोंबडी घ्या, मला काय हुतंय." कोंबडी घेतली, मग म्हातारी. दुपारी त्या पत्र्यावरून पाणी वाहत होतं.

आठवड्यानं चीफ इंजिनिअरनी बोलावलं. "एक्सल कशानं गेला?"

"वेग जास्त होता, सर," मी म्हणालो.

तात्या शेजारीच उभे होते. काही बोलले नाहीत. त्यांना ट्रॅक्टरवरून काढलं. दोन हंगाम ते गेटवर बसून ऊसगाड्यांना टोकन देत राहिले. मी रोज त्याच गेटातून आत जात होतो.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी यंत्रं धुऊन, रंगवून पुजतात. तिसऱ्या वर्षी रंगाचा डबा हातात घेतला आणि पुढं जाता येईना. गेटवर गेलो.

"तात्या, त्या मे महिन्यात मी हब उघडलाच नव्हता."

"ठावं हाय."

"कसं?"

"उसातनं चाक मीच काढलं न्हवं? त्याआदल्या खंडेनवमीला टोपीला निळा रंग तुमीच मारलावता. जोडावर त्या रंगाला चीर न्हाई. टोपी न काढता ग्रीस भरायचा मंतर हाय काय तुमच्याकडं?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी कवा बोलताय, ते बघत हुतो."

त्याच दिवशी चीफना सगळं लिहून दिलं. मला मेमो मिळाला, तात्यांना ट्रॅक्टर.

आता खंडेनवमीला ट्रेलर धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. हबच्या टोपीला रंग लावत नाही. रंग नसला की टोपी उघडताना पडलेले हत्याराचे ताजे ओरखडे कडेला उघडे दिसतात. मे महिन्यात मी सही करण्याआधी तात्या त्यांवरून अंगठा फिरवून बघतात.