संथ स्पंदनं आणि चुंबकाचा पट्टा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक जण चुंबकाचे पट्टे विकायला यायचा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात संथ स्पंदनं होतात, पट्टा बांधला की ती अंगात भिनतात आणि रक्तदाब जातो, असं तो सांगायचा. ते ऐकून माझ्या बाबांनी गोळ्या बंद केलेल्या. मी समजावून थकलो होतो.

त्या रविवारी मागच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. साठी उलटलेल्या, कुणाकडे तरी पाहुण्या आलेल्या. चष्मा काढून त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

"स्पंदनं खरी आहेत," त्या म्हणाल्या. "वेधशाळेत मी आयुष्यभर तीच मोजली. सूर्याकडून कणांचा वारा येतो, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो आणि ते छेडलेल्या तारेसारखं थरथरतं. बऱ्याचदा दिवसा, काही सेकंदांनी नाहीतर मिनिटांनी एक हेलकावा. तो इतका बारीक असतो, की जवळून रेल्वे गेली तरी मापनात हरवून जातो. तो रक्तदाब काय उतरवणार?"

"काकू, बसा ना," कुणीतरी म्हणालं. लोक हसले. पट्टेवाल्याने माइकचा आवाज वाढवला.

बाई तरातरा पुढे गेल्या आणि त्यांनी माइकची वायर उपटली.

"गोळ्या कुणी कुणी बंद केल्यात?"

बाबांनी हळूच हात वर केला. मग आणखी चौघांनी.

"आता यांच्याकडे बघून बोला," बाई पट्टेवाल्याला म्हणाल्या.

तो खाली मान घालून सामान आवरू लागला. घरी येऊन बाबांनी गोळी घेतली. त्या पट्टेवाल्यावरचा माझा संताप मात्र अजून उतरलेला नाही.